सज्जा कुणाचा

वसतिगृहाचे नकाशे घेऊन मी काकूंकडे गेले तेव्हा आषाढ संपत आला होता. नकाशे जुने नव्हते. मीच मोजमापं घेऊन नव्याने काढले होते. स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीत ज्या चांगल्या इमारती झाल्या त्यांचं एक लहानसं प्रदर्शन भरवायचं असं वाचनालयातल्या मंडळींनी ठरवलं होतं. गावात माझं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. यादी करायला बसलो तर निम्म्याहून जास्त इमारती एकाच आर्किटेक्टच्या निघाल्या. ते शिकवायचेही, म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. सरांना जाऊन आता काही वर्षं झाली. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्याही आर्किटेक्चर शिकलेल्या आहेत हे गावाला ऐकून माहीत होतं, पण ‘त्याही शिकलेल्या आहेत’ याच्या पुढे ते वाक्य कधी जात नसे.

मुलींचं वसतिगृह माझ्या दृष्टीने नुसती इमारत नव्हती. दहावीनंतर खेडजवळच्या आमच्या वाडीतून मी तिथेच राहायला आले होते. वडील मुंबईला नोकरीत, आई गावात शेती बघायची. घराबाहेर राहण्याची पहिलीच वेळ, आणि ती मला जड गेली नाही याचं मोठं कारण ती वास्तू होती. दुमजली, चिऱ्यांची, मधे चौक. वरच्या मजल्यावर चौकाच्या बाजूने एक रुंद सज्जा फिरवलेला. त्याला खालून एकही खांब नाही, भिंतीतूनच सरळ बाहेर आलेला. डोक्यावर पुढे आलेलं कौलारू छप्पर, कडेला लाकडी पट्ट्यांची जाळी. आमच्या खोल्यांची दारं त्या सज्ज्यावरच उघडायची, आणि कपडेही तिथेच वाळायचे.

कोकणातला पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना याचं मोल कळेल. एकदा लागला की आठवडा आठवडा कपडे वाळत नाहीत. परक्या घरी राहणाऱ्या मुली आतले कपडे टॉवेलखाली लपवून वाळत घालतात आणि शेवटी ओलेच अंगात चढवतात. आमच्यावर ती पाळी आली नाही. सज्ज्यात वारा खेळायचा, बाहेरच्या माणसाला काही दिसायचं नाही, आणि ठिबकणारं पाणी जमिनीतल्या बारीक भोकांतून खाली चौकात पडायचं. न्हाणीघरात कोरडे कपडे ठेवायला दगडी फळी होती, तीही अशा उंचीवर की तिथवर शिंतोडे उडू नयेत. “सरांनी मुलींचा किती विचार केलाय,” असं आम्ही एकमेकींना म्हणायचो. आर्किटेक्ट व्हायचं माझ्या मनाने तिथेच घेतलं.

तर त्या दुपारी काकूंनी नकाशे टेबलावर पसरले. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण हात स्थिर. त्याच खोलीत त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवर काम करत बसला होता. तो सिव्हिल इंजिनिअर आहे, सरांचं ऑफिस आता तोच चालवतो. काकू भिंगातून बघत बघत सज्ज्याच्या छेदावर, म्हणजे उभ्या कापाच्या नकाशावर, आल्या आणि त्यांनी छपराच्या रेषेवर बोट ठेवलं.

“हे एवढं खाली यायला नको होतं. मला आणखी हातभर वर हवं होतं, हिवाळ्यात ऊन आत यायला. त्या ठेकेदाराने ऐकलं नाही माझं.”

“तुमचं?” मी विचारलं.

काकूंनी बोट उचललं. मागे कीबोर्डचा आवाज थांबला.

“आईला हल्ली बाबांचं सगळं आपलंच वाटतं,” मुलगा म्हणाला. सुरात राग नव्हता, आजारी माणसाबद्दल बोलावं तसा तो बोलला. “वय झालं आता.”

“चहा घेशील ना?” काकूंनी मला विचारलं.

थोड्या वेळाने कुणाचा तरी फोन आला म्हणून तो पडवीत गेला. मी आवाज खाली आणून विचारलं, “काकू, सज्जा तुमचा आहे?”

“सज्जाच नाही. सगळंच.” त्यांची नजर दाराकडे होती. “ट्रस्टच्या शाळेची मागची बाजू माझी, पुढची यांची. वसतिगृह मात्र पूर्ण माझं. ट्रस्टच्या लोकांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. सही यांची होती. माझं आहे असं ते कधी म्हणाले नाहीत गो. तुझं आहे, असंही म्हणाले नाहीत.”

“मी तसं लिहू?”

“नको.” त्या लगेच म्हणाल्या. “ऑफिस त्यांच्या नावावर चाललंय. आणि मला इथेच राहायचंय, याच्याबरोबर.”

पडवीतली पावलं परत येताना ऐकू आली तशा त्या नकाशे गुंडाळायला लागल्या. मी घरी आले. प्रदर्शनाच्या मजकुरात बाकी इमारती लिहून झाल्या, वसतिगृहाखालची नावाची जागा मात्र कोरी राहिली. तिथे सरांचं नाव घालवेना, आणि काकूंचं घालायची मुभा नव्हती.

ऐन श्रावणात एका सकाळी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा फोन आला. मी नुकतीच सगळी इमारत मोजून गेले होते म्हणून त्यांना माझी आठवण झाली. “वरच्या सज्ज्याला तडा गेलाय. काल केसाएवढा होता. आज त्यात पेन्सिल जातेय.”

मी पोचले तेव्हा पाऊस कोसळत होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून मी बघितलं. भिंत आणि सज्ज्याची जमीन जिथे मिळतात तिथून, भिंतीला धरून, तडा सरळ गेला होता. पार पलीकडच्या खोल्यांपर्यंत. मधेच एका जागी सज्ज्याची बाहेरची कड किंचित खाली वाकल्यासारखी दिसत होती. असा सज्जा खालच्या खांबावर नव्हे, वरून भिंतीत गेलेल्या सळ्यांवर लटकलेला असतो. वरच्या अंगाला तडा जाणं म्हणजे ज्याने धरून ठेवलंय तेच सुटायला लागणं. आणि त्याच सज्ज्यावर ओल्या कपड्यांच्या रांगा होत्या, बादल्या होत्या, टोकाला पाण्याच्या दोन मोठ्या काळ्या टाक्या होत्या, आणि कॉलेजला निघालेल्या मुली इकडून तिकडे ये-जा करत होत्या.

“सगळ्यांना खाली आणा,” मी म्हणाले. “आत्ता. पण एकदम नको. एकेकीने यायचं, भिंतीला चिकटून. कठड्याकडे कुणी जायचं नाही.”

रेक्टरबाईंनी ट्रस्टच्या अध्यक्षांना फोन लावला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला. “प्लास्टर फुगलं असेल हो,” अध्यक्ष म्हणाले. “एवढ्या मुली घेऊन जाणार कुठे? पालकांना काय सांगायचं?”

“तुमच्या शाळेचा हॉल उघडा. पालकांना नंतर सांगू.”

“तुम्ही लिहून द्याल का, की पडणार आहे?”

“पडणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल का?”

मग ते म्हणाले, “हॉल उघडायला सांगतो.”

मुली यायला लागल्या. कुणाच्या हातात पुस्तकं, कुणाच्या हातात चार्जर, एकीने उशीच घेतलेली. पहिल्या काही जणी हसत होत्या. मग चौकात काँक्रीटचा एक ढेकळाएवढा तुकडा पडला, आणि हसू थांबलं. त्यानंतर पाऊस आणि भिंतीला घासत येणाऱ्या ओढण्या, एवढाच आवाज होता.

सगळ्या उतरल्यासारखं वाटलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, “ताई, शेवटच्या खोलीत एक आहे. काल रात्रीपासून ताप आहे तिला. झोपलीय.”

शेवटची खोली टाक्यांच्या पलीकडे होती. रेक्टरबाई निघाल्या. वजनाने त्या माझ्या दीडपट, म्हणून मी त्यांना थांबवलं आणि स्वतः निघाले. भिंतीला पाठ टेकवून मी आडवी सरकत गेले. तळव्यांना चिऱ्यांची ओल लागत होती. तडा माझ्या टाचांशी होता, आणि त्याच्यात तांबूस पाणी साचलेलं दिसत होतं. गंजाचं पाणी. याच सज्ज्यावर पाय पसरून बसून मी बारावीचा अभ्यास केला होता, पण त्या वेळी तसलं काही मनात आलं नाही. पुढचं पाऊल टेकतंय की नाही, एवढंच बघत होते.

पोरगी गुंगीत होती. “उठ बाळा, इमारतीचं काम निघालंय,” असं काहीतरी सांगून मी तिला उठवलं. तिला भिंतीच्या बाजूला घेतलं, आणि आम्ही दोघी तशाच सरकत निघालो. टाक्यांजवळ आल्यावर ती म्हणाली, “हलतंय.” हलत होतं की तिला तापाने तसं वाटलं, मला आजही सांगता येणार नाही. मी म्हणाले, “चल.” जिन्यावर पोचल्यावर रेक्टरबाईंनी तिला कवेत घेतलं.

दुपारपर्यंत टाक्या रिकाम्या केल्या आणि संध्याकाळी खालून लोखंडी टेकू लावले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. त्यांनी पाहणी केली आणि मग वसतिगृहाच्या ऑफिसात आम्ही सगळे बसलो. अध्यक्ष, रेक्टरबाई, ते इंजिनिअर, सरांचा मुलगा आणि मी.

“सज्ज्याची जाडी कमी आहे,” इंजिनिअर म्हणाले. “सळ्यांवरचं काँक्रीटही फार पातळ. मूळ डिझाइन कुणाचं?”

“सरांचं,” अध्यक्ष म्हणाले. आवाजात अवघडलेपण होतं. ते स्वतः सरांचे विद्यार्थी.

मुलाने घसा साफ केला. “एक सांगायला हवं. हे काम बाबांचं नाही. वसतिगृह आईने काढलं होतं. बाबा तेव्हा दुसऱ्या कामांत होते, त्यांनी फक्त सही केली.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. खोलीतला ताण मात्र एकदम उतरला. अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे सरांचं नाहीच. तरीच. मग तसं नोंदवून ठेवू, की मूळ आराखडा घरच्या माणसाकडून करून घेतला होता. त्या माउलीला आता या वयात कोण काय विचारणार?”

“त्या पदवीधर आर्किटेक्ट आहेत,” मी म्हणाले. “घरचं माणूस असं लिहू नका.”

बैठक संपल्यावर व्हरांड्यात मी मुलाला गाठलं. “त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आईला सगळं आपलंच वाटतं.”

“तुम्हाला तिचं नाव हवं होतं ना?” तो म्हणाला. “मिळालं.” मग माझ्या चेहऱ्याकडे न बघता, छत्री उघडत तो पुढे म्हणाला, “बाबांच्या नावाला डाग लागला तर उद्या ऑफिसात काम येणार नाही. तिथे माणसं आहेत, त्यांची घरं आहेत. आईला कुणी त्रास देणार नाही. मी बघेन.”

त्याच्याआधी काकूंपर्यंत पोचायचं, एवढंच माझ्या मनात होतं. त्या मागच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. झालेलं सगळं मी सांगितलं. ऐकताना त्यांच्या हातातली आठळी तशीच राहिली.

“मुली कुठे आहेत?”

“शाळेच्या हॉलमध्ये. सगळ्या बऱ्या आहेत.”

“तडा खालून आहे की वरून?”

“वरून. भिंतीलगत. त्यात गंजाचं पाणी आहे.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “म्हणजे सळ्या गेल्या.” मग म्हणाल्या, “त्याने माझं नाव सांगितलं?”

“हो.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

मला भीती वाटत होती की त्या आता कोसळतील. त्यांनी आठळ्यांचं ताट बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले. “बरं झालं. आता मला जायला कुणाची हरकत नाही. काठी दे ती.”

आम्ही पुढच्या दाराशी पोचतो तोच मुलाची गाडी फाटकात शिरली. भिजत पायऱ्या चढून तो दारातच उभा राहिला. “आई, कुठे निघालीस?”

“वसतिगृहावर.”

“काही गरज नाही. तुला कुणी काही विचारणार नाही. मी सगळं मिटवतोय.”

“मिटवू नकोस.”

“तिथे गेलीस तर तुझ्या तोंडून काहीतरी निघेल आणि ते लिहून घेतील. समजतंय का तुला? गप्प राहिलीस तर इथेच संपेल सगळं.”

“गप्पच होते मी,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माझं आहे म्हणून तू सांगून आलास ना? मग मला बघू दे काय झालंय ते.”

तो दारातून हलला नाही. पागोळ्यांचं पाणी त्याच्या पाठीवर पडत होतं. काकूही हलल्या नाहीत. शेवटी त्याने मान खाली घातली, आपली छत्री उघडली आणि आईच्या डोक्यावर धरली. “पायरी निसरडी आहे,” एवढंच म्हणाला.

इंजिनिअर अजून तिथेच होते. त्यांनी काकूंना सज्ज्यावर जाऊ दिलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची ठेवली आणि तिच्यावर बसून काकूंनी टॉर्चच्या उजेडात बघितलं. बघता बघता त्यांच्या भुवया आक्रसल्या.

“जमिनीतली भोकं कुठे गेली?”

“ती बुजवली, काकू,” रेक्टरबाई म्हणाल्या. “फार वर्षं झाली. खाली चौकात पाणी टपकायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर. तक्रारी यायच्या.”

“कुणाला विचारून?”

रेक्टरबाई घुटमळल्या. त्यांनी मुलाकडे बघितलं. “सरांनाच विचारलं होतं. हो म्हणाले ते.”

काकूंनी टॉर्च विझवला आणि हातात तसाच धरून ठेवला. पाण्याला जायला वाट राहिली नाही, ते तिथेच साचत राहिलं, काँक्रीटमध्ये मुरलं आणि सळ्या खाल्ल्या, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. वरून टाक्यांचा भार, तो तर ट्रस्टनेच टाकलेला. काकूंनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मी मनात म्हणत होते, बोला.

इंजिनिअरनी हलक्या आवाजात विचारलं, “तरी एक राहतं. सळ्यांवर काँक्रीट एवढं कमी का होतं?”

“ते माझं,” काकू म्हणाल्या. “हे म्हणाले होते, जाडी वाढव. मी भांडले. मला ती कड बारीक हवी होती. खालून चौकातून बघताना जड दिसू नये म्हणून. भोकं उघडी असती तर आणखी बरीच वर्षं टिकला असता, पण कधीतरी हे झालंच असतं. दोन्ही लिहा.”

“आई,” मुलगा म्हणाला.

“दोन्ही लिहा,” त्यांनी पुन्हा सांगितलं.

इंजिनिअरनी वही काढली. “मूळ रचनाकार म्हणून नाव काय घालू?”

काकूंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, पुढे पदवी सांगितली. रेक्टरबाई बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं.

वास्तू पाडावी, असं अध्यक्षांच्या मनात होतं. भिंती खणखणीत आहेत, धोका फक्त सज्ज्याला आहे, असं इंजिनिअरनी स्पष्ट सांगितलं. सज्ज्याचं खराब झालेलं काँक्रीट तोडून नवीन घालायचं, टाक्या हलवायच्या आणि खालून कायमचे लोखंडी खांब द्यायचे, असं ठरलं. “दिसायला तेवढं चांगलं राहणार नाही,” ते काकूंना म्हणाले. “नाही राहणार,” काकू म्हणाल्या. “खांब घाला. मुली चालणार आहेत त्याच्यावरून.”

परतताना मुलगा गाडी चालवत होता आणि काकू पुढे बसल्या होत्या. मी मागून विचारलं, “आता प्रदर्शनात लिहू?”

“लिही. पण तडाही लिही.”

पुढे मी तसंच लिहिलं. वसतिगृहाच्या फाटकावरची सरांच्या नावाची पाटी अजून आहे तिथेच आहे, ती माझ्या हातात नाही.

त्या दिवशी घर जवळ आलं तेव्हा काकू स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “असाच आणखी एक आहे.”

“असाच काय?” मुलाने विचारलं.

“सज्जा. आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला एक घर आहे, बोटीवर नोकरीला असायचे त्यांचं. त्याच सुमाराला केलेलं. कड तशीच बारीक घेतली होती मी. तिथे माणसं राहताहेत.”

गाडी फाटकात उभी राहिली तरी कुणी उतरलं नाही. “त्यांना वाटतंय ते घर यांनी बांधलं,” काकू म्हणाल्या. “त्यांना कोण सांगणार?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की तांबूस पाणी दिसायचं. सकाळी मी त्यांच्याकडे पोचले तर मुलगा आधीच गाडीत बसून होता. मागच्या सीटवर हातोडी, टॉर्च आणि दोर ठेवलेला. आम्ही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, इतकंच. समुद्र मातकट झाला होता. वळणावळणाच्या त्या रस्त्यावर काकू काठी घट्ट धरून बसल्या होत्या. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, “पोचलो का?”

घर चढावर होतं. दारात साठीच्या बाई आल्या. त्यांनी मुलाला ओळखलं. “सरांचे चिरंजीव ना? या या. आमच्या मालकांनी सरांनाच बोलावून घर बांधून घेतलं. मालक आता नाहीत.” त्यांनी काकूंना हात धरून पडवीत बसवलं. काकू बसल्या, आणि लगेच म्हणाल्या, “हे घर मी काढलं. सरांनी नाही.”

बाईंनी मुलाकडे बघितलं. मीही बघितलं. तो चपला काढत होता, वाकलेलाच थांबला. “हो,” तो म्हणाला. “आईनेच. आणि तुमच्या वरच्या सज्ज्याची आम्हाला काळजी आहे, म्हणून आलो. जरा बघायला द्या.”

बाई घाबरल्या. त्यांची सून लहान मुलाला कडेवर घेऊन वरूनच येत होती, तिला त्यांनी हाक मारून पटकन खाली घेतलं. काकूंचा मुलगा वर गेला. काकूंना मी जिन्याच्या मध्यापर्यंत नेलं, तिथून सज्ज्याची जमीन डोळ्यांच्या पातळीवर दिसत होती. तो गुडघ्यांवर बसून इंच इंच पुढे सरकत हातोडी मारत होता आणि प्रत्येक ठोक्याला काकूंची बोटं माझ्या दंडात रुतत होती. पोकळ आवाज आला असता तर आतून काँक्रीट सुटलंय हे कळलं असतं. तो आला नाही. टोकापर्यंत जाऊन तो परतला.

“भोकं उघडी आहेत,” तो म्हणाला. “पाणी कुठे साचलेलं नाही. एका कोपऱ्यात प्लास्टर सुटलंय, तेवढं करून घेऊ. बाकी ठणठणीत आहे, आई.”

“भार काही टाकलाय का?”

“वाळवणाच्या मोकळ्या बाजा आहेत. बाकी काही नाही.”

“ती भोकं मीच दर उन्हाळ्यात तारेने साफ करते,” बाई खालून म्हणाल्या. “नाहीतर वाळत घातलेल्या कोकमाचं पाणी तुंबतं.”

काकू तिथेच पायरीवर बसल्या. त्यांना घाम फुटला होता. मी पाणी आणलं, ते त्या घोट घोट प्यायल्या. मुलगा त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. पावसाची सर येऊन गेली.

बाई कमरेवर हात ठेवून काकूंकडे बघत उभ्या होत्या. भीड चेपल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे हे सगळं तुम्हीच काढलंत, आजी? आतलं पण?”

“हो.”

“मग स्वयंपाकघरात एवढा काळोख कशाला ठेवलात? दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. मी या घरात आले तेव्हापासून म्हणतेय, ज्याने कुणी हे काढलं त्याला एकदा विचारायचं.”

मुलाने वर बघितलं. काकूंनी ग्लास माझ्या हातात दिला आणि काठी टेकत उठल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “दाखवा मला.”